सही करण्याआधी सेवापुस्तकाचं पहिलं पान बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते आधी लिहितो, म्हणजे काही चुकत असेल तर तुम्ही दुरुस्त कराल. तुमचे दाजी २००९ मध्ये कर्नाटक पोलिसांत भरती झाले. वय ३८. निपाणीजवळ महामार्गावर रात्रीच्या नाकाबंदीत ट्रकनं धडक दिली आणि तिसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. ट्रक आणि चालक सापडलेत. ताई दिवसकार्य उरकून चंदगडला माहेरी आल्यात, मुलं १४ आणि ९ वर्षांची. ताईंचं शिक्षण बारावी, मराठी माध्यमातून. कार्यालयातून कन्नड कागदांवर सह्या मागतायत. सासरे म्हणतात, नोकरी धाकट्या दिराला लागू दे, घर तरी उभं राहील. तुम्ही विचारलंय, "एकूण किती मिळेल, आणि सही करायची का?"

सीमाभागातल्या एका जिल्हा पोलीस कार्यालयात मी २६ वर्षं काढली. त्यातली बरीचशी पेन्शनच्या टेबलावर. निवृत्तीनंतरही अशा घरांचे कागद बघून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, "एकूण किती" या प्रश्नानं सुरुवात केली की घरातले सगळे एका आकड्याची वाट बघत बसतात. तो आकडा कधीच येत नाही, कारण हा पैसा एका खिडकीतून मिळत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन बेंगळुरूच्या महालेखापालांकडून मंजूर होतं, विमा केजीआयडीकडून, म्हणजे कर्नाटक सरकारच्या विमा खात्याकडून, सानुग्रह रक्कम सरकारच्या आदेशानं, अपघाताची भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणातून, नोकरी खात्याकडून. प्रत्येकाची मुदत वेगळी, वारस ठरवायची रीत वेगळी. पण या सगळ्या ठिकाणी दोनच गोष्टी पहिल्यांदा तपासल्या जातात. मृत्यू कर्तव्यावर झाला याची नोंद कागदावर कशी आहे, आणि ताईंचं नाव कुठल्या कागदावर कसं लिहिलंय.

पहिल्या गोष्टीपासून सुरू करू. दाजी नाकाबंदीवर होते हे सगळ्या ठाण्याला माहीत आहे, पण फायलीला ते माहीत नसतं. फायलीत लागतात त्या रात्रीच्या स्टेशन डायरीतली नोंद, ड्युटी कुणाला कुठं लावली त्याचा आदेश, आणि गुन्ह्याची फिर्याद. या तिन्हींत वेळ आणि जागा जुळली पाहिजे. तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. अपघात कर्नाटकात झाला आणि मृत्यू महाराष्ट्रात. म्हणजे फिर्याद अपघाताच्या हद्दीतल्या ठाण्यात, सुरुवातीला जखमी केल्याच्या कलमांखाली. मृत्यूनंतरचा पंचनामा कोल्हापुरातल्या पोलिसांनी केला असणार, शवविच्छेदनही तिकडंच. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथंच होते, म्हणून मृत्यूचा दाखलाही कोल्हापूरचाच. हे सगळे कागद हद्द ओलांडून इकडच्या गुन्ह्याच्या फायलीला लागले पाहिजेत, आणि गुन्ह्यात निष्काळजीपणानं मृत्यूचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १०६, वाढवल्याचा अहवाल न्यायालयात गेला पाहिजे. तो गेला का, हे तपास करणाऱ्या फौजदारांना या आठवड्यात भेटून विचारा. ते दाजींचे सहकारीच आहेत, टाळणार नाहीत. पण बदल्या होतात, आणि नव्या माणसाला त्या रात्रीचं काहीच ठाऊक नसतं. म्हणून साक्षांकित प्रती आत्ताच घ्या.

इथं मला कबूल करायला हवं की सगळ्या मृत्यूंची वाट इतकी सरळ नसते. ट्रकच्या धडकेत कर्तव्याचा संबंध सिद्ध करायला फार त्रास पडत नाही. बेळगावच्या सुवर्णसौध या विधानभवनातल्या हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तात सलग उभं राहून कुणाला हृदयविकाराचा झटका आला, तर "कर्तव्यावर असताना" आणि "कर्तव्यामुळे" या दोन शब्दांवर महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो. साधं कुटुंब निवृत्तिवेतन दोन्हीकडं मिळतं. असाधारण निवृत्तिवेतन आणि सानुग्रह रक्कम मात्र त्या दुसऱ्या शब्दावर अडते. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी तसा प्रसंग आला असेल, तर आधीच्या आठवड्याची ड्युटी किती तासांची होती आणि सुट्टी नाकारली होती का, याचे कागद आधी जमवा.

सानुग्रह रकमेचा आकडा मी लिहीत नाही. सरकार तो वेळोवेळी वाढवतं आणि मृत्यूच्या तारखेला जो आदेश लागू असेल तोच धरला जातो. शेजारच्या घराला मिळालेली रक्कम तुमच्याकडं लागू होईलच असं नाही. कार्यालयात विचारताना "आम्हाला किती मिळणार" असं विचारू नका. "मृत्यूच्या तारखेला लागू असलेल्या आदेशाची प्रत द्या" असं लेखी मागा.

आता कुटुंब निवृत्तिवेतन. कर्नाटकात ते शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के असतं. सेवा ७ वर्षांपेक्षा जास्त झालेली असेल तर सुरुवातीची ७ वर्षं वाढीव दरानं, म्हणजे ५० टक्क्यांनी मिळतं. दाजींचा मूळ पगार ४५,००० होता असं धरलं, तर पहिली ७ वर्षं २२,५०० आणि नंतर १३,५००, दोन्हीवर महागाई भत्ता वेगळा. हे ताईंना हयातभर. त्यांनी पुन्हा लग्न केलं तर त्यांचं थांबतं आणि मुलांचा हक्क सुरू होतो. मृत्यू कर्तव्यामुळे झाला असं खात्यानं प्रमाणित केलं तर साध्याऐवजी असाधारण निवृत्तिवेतनाचा दावा करता येतो. तो आपोआप होत नाही. साध्या पेन्शनचे कागद पाठवून टेबल मोकळं करायची घाई कार्यालयात असते, आणि मी स्वतः त्या टेबलावर बसलेलो असल्यानं हे सांगताना मला वाईट वाटतं, पण मागितल्याशिवाय हा दुसरा अर्ज फार कमी वेळा पुढं येतो. ताईंनी तो स्वतः लेखी मागावा.

दाजी २००९ चे, म्हणजे एनपीएसवाले, नव्या अंशदायी पेन्शन योजनेतले. राज्यात १ एप्रिल २००६ पासून रुजू झालेले साधारणपणे त्यात येतात. त्यामुळं कुणीतरी तुम्हाला "यांना पेन्शनच नाही" असं सांगितलं असेल तर ते अर्धवट आहे. सेवेत असताना मृत्यू झाला तर एनपीएसवाल्यांच्या कुटुंबालाही कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, देण्याचा राज्याचा आदेश आहे. त्यासाठी ताईंना पर्याय लिहून द्यावा लागतो आणि त्या पर्यायाचा परिणाम एनपीएस खात्यात साठलेल्या रकमेवर होतो. ज्या कागदावर आत्ता सही मागतायत तो हाच पर्याय असण्याची शक्यता आहे. एकरकमी रक्कम मोठी दिसते, सासरच्यांनाही तीच दिसते. पण पस्तिशीच्या आतल्या बाईसाठी आणि दोन लहान मुलांसाठी दर महिन्याला महागाई भत्त्यासह येणारं निवृत्तिवेतन मला कितीतरी सुरक्षित वाटतं. माझा सल्ला तोच राहील. कुठल्या पर्यायात खात्यातल्या रकमेचं काय होतं ते लेखी घ्या आणि मगच सही करा.

केजीआयडीचा विमा सक्तीचा असल्यानं तो असणारच. ते खातं १८९१ पासून, म्हैसूर संस्थानच्या काळापासून चालत आलंय. दाजींच्या किती पॉलिसी आहेत ते पगारपत्रकातल्या कपातीवरून कळतं, कारण पगार वाढला की बहुतेकजण दुसरी, तिसरी घेतात आणि घरी फक्त पहिलीचा बाँड असतो. गट विमा वेगळा, त्याचीही कपात तिथंच दिसेल. पगाराचं खातं पोलीस पॅकेजचं असेल तर त्याबरोबर बँकेचा अपघात विमा असतो. त्याच्या दाव्याची मुदत फार थोडी असते आणि तो खात्यामार्फत होत नाही, थेट बँकेत जावं लागतं. उद्याच पासबुक घेऊन शाखेत जा आणि "मृत्यूची सूचना मिळाली" अशी पोच घ्या. बाकीचे कागद नंतर दिले तरी चालतील.

आता नावाची गोष्ट. यावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण आपल्या भागातल्या मराठी घरांची फाईल सर्वांत जास्त वेळा इथं अडलेली मी पाहिली आहे.

एका हवालदाराची बायको गडहिंग्लजकडची होती. दाखल्यावर तिचं माहेरचं नाव, मधे वडिलांचं, शेवटी माहेरचं आडनाव. लग्नात सासरी पहिलं नावही बदललेलं. आधार कार्ड तिनं लग्नाआधीच काढलेलं, जुन्याच नावानं. रेशन कार्डावर सासरचं नाव, पण कन्नडमध्ये टाईप करताना एक अक्षर वेगळं पडलेलं. आणि सेवापुस्तकात नवऱ्यानं घाईत तिचं घरात हाक मारायचं नाव लिहिलेलं. एक बाई, चार नावं. तिची फाईल बेंगळुरूहून दोनदा परत आली. ११ महिने तिला एक पैसा मिळाला नाही. प्रत्येक वेळी ती दोन एसट्या बदलून यायची, पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढून टेबलावर एकेक मांडायची आणि विचारायची, "साहेब, ही सगळी मीच की." शेवटी मुलांच्या जन्माच्या दाखल्यांवर आई-बाप दोघांची नावं होती, त्यांचा आधार घेऊन, चारही नावं लिहून "ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र केलं, गावच्या दोन प्रतिष्ठितांचे जबाब जोडले, तेव्हा सुटलं. हे पहिल्या महिन्यात करता आलं असतं. तेव्हा मला ते सुचलं नाही, याची खंत अजून आहे.

म्हणून सेवापुस्तक, आपल्याकडं सगळे एसआर म्हणतात ते, त्याचं पहिलं पान आणि नामनिर्देशनाची पानं बघायला मागा. ताईंना तो हक्क आहे. दाजी भरती झाले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे त्या वेळी आईचं नाव लावलं असणार. नंतर बदललं का, हे बघा. एनपीएसमध्ये लग्नाआधीचं नामनिर्देशन लग्नानंतर रद्द धरलं जातं, तेव्हा आईचं नाव दिसलं तरी घाबरून जाऊ नका. निवृत्तिवेतनाच्या अर्जाला ताईंचा फोटो, तीन नमुना सह्या आणि अंगावरच्या ओळखीच्या खुणा लागतात. सही आत्ता ठरवा, मराठीत की इंग्रजीत, आणि पुढं सगळीकडं तीच ठेवा.

वारसांचे कागद नाडकचेरीतून, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कार्यालयातून मिळतात. वंशवृक्ष आणि हयात कुटुंबीयांचा दाखला, असे दोन मागा. तलाठी चौकशीला गावात, म्हणजे दाजींच्या गावात येणार. ताई माहेरी असल्या तर "इथं राहत नाही" असा शेरा पडू नये म्हणून त्या दिवशी त्यांनी सासरी हजर असावं. अर्ज देताना सकालची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याच्या कर्नाटकच्या योजनेची पोच, क्रमांकासह, घ्या. मुदत उलटली की तो क्रमांकच तुमच्या हातात असतो.

कन्नडचा प्रश्न तुम्ही संकोचानं विचारलात. संकोच कशाला. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. तो हक्क मी मानतो. तरीही विधवेच्या फाईलवर ती लढाई लढू नका असंच सांगेन. अर्ज कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत स्वतःकडं ठेवा, मराठी दाखल्यांचं भाषांतर नोटरीकडून जोडा. आणि ज्या कन्नड कागदावर सही मागतायत त्याचा फोटो काढून आणा, निपाणीत किंवा बेळगावात तो वाचून दाखवणारा माणूस दहा मिनिटांत मिळेल. माझ्या टेबलावरचे कन्नड सहकारी कितीतरी मराठी बायकांना ओळ न ओळ समजावून सांगायचे. विचारलं की माणसं सांगतात.

नोकरीबद्दल. १९९६ च्या कर्नाटकच्या अनुकंपा नियमांत क्रम ठरलेला आहे. विवाहित कर्मचाऱ्याच्या मागं पहिला हक्क बायकोचा. ती पात्र नसेल किंवा सबळ कारणानं तिला नको असेल, तर ती म्हणेल तो मुलगा किंवा मुलगी. २०२० च्या डिसेंबरमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं विवाहित मुलीलाही वगळता येत नाही असं ठरवलं. भावाचा विचार होतो तो कर्मचारी अविवाहित असेल तर. तेव्हा दिराला ही नोकरी लागण्याचा मार्गच नाही. ताईंनी हक्क सोडला तर ती दिराला जाणार नाही, ती बुडेल. सासऱ्यांना हे कुणीतरी सांगितलेलं नसावं. त्यांच्या मनात खोट आहे असं मी तरी धरणार नाही.

मुलगा १८ चा होईपर्यंत थांबू, असाही विचार अनेक घरांत होतो. १४ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. अर्जाची मुदत मृत्यूपासून १ वर्ष, आणि अल्पवयीन मुलासाठीची सवलत इतकी लांब पोचत नाही. अर्ज ताईंनीच करावा. बारावी झालेल्या असल्यानं द्वितीय दर्जा सहायकाचं पद मागता येईल, वर्दीतलंच घ्यावं लागतं असं नाही. मात्र कन्नड भाषेची परीक्षा द्यावी लागेल. रुजू व्हायची वाट न बघता आजपासून मुलांच्या कन्नड पुस्तकातून त्यांनी अक्षरं गिरवायला घ्यावीत. अर्ज नाकारला किंवा नुसता पडून राहिला, तर कर्नाटक राज्य प्रशासकीय न्यायाधिकरणाचं पीठ बेळगावातच आहे, बेंगळुरूला हेलपाटे घालावे लागत नाहीत.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. खात्याकडून मिळणाऱ्या सगळ्यापेक्षा मोठी रक्कम बहुधा मोटार अपघात दाव्यात आहे, आणि कार्यालय ते सांगत नाही कारण त्यांचा तो विषयच नाही. ट्रक सापडलाय, विमा असेल, तर दावा विमा कंपनीवर लागतो. हिशोब साधारण असा. वर्षाचा पगार कर वजा जाता ६ लाख धरा. कायम नोकरी आणि वय ४० च्या आत, म्हणून २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणं पुढच्या वाढीसाठी निम्मे मिळवायचे, झाले ९ लाख. ताई, दोन मुलं आणि दाजींची आई असे चार अवलंबून, म्हणून दाजींचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, राहिले पावणेसात लाख. ३८ वयाला सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालातला गुणक, म्हणजे वर्षाची रक्कम ज्यानं गुणायची तो आकडा, १५. म्हणजे १ कोटी १ लाखाच्या आसपास. चूक कुणाची ठरते, विमा चालू होता का, चालकाकडं परवाना होता का, यावर हा आकडा बदलेल. पण कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं म्हणून तो कमी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वीच स्पष्ट केलंय. कायद्यात मुदत ६ महिन्यांची घातली आहे, ती पाळाच. दावा अपघाताच्या जागी किंवा ताई राहतात तिथंही लावता येतो, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातही. वकील नेमताना टक्केवारीच्या कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

सासू-सासऱ्यांशी बोलायला याच दाव्याचा उपयोग होईल. त्यात आई स्वतंत्र अर्जदार असते आणि न्यायाधिकरण तिचा वाटा वेगळा ठरवून देतं. नामनिर्देशन नसलेल्या बँकेतल्या पैशातही हिंदू वारसा कायद्यानं आई, बायको आणि दोन मुलं असे चार सारखे वाटेकरी होतात. अनुकंपा नोकरी घेताना इतर अवलंबितांना सांभाळायची हमीही लिहून द्यावी लागते. म्हातारपणी आपल्याला कोण बघणार, ही त्यांची भीती खरी आहे, मुलगा त्यांचाही गेलाय. तुम्ही भाऊ म्हणून ताईंच्या बाजूनं जोर लावायच्या आधी हे तीन मुद्दे त्यांच्यासमोर शांतपणे मांडा, शक्यतो गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्यासमोर. मात्र बाँड पेपरवरचं हक्कसोड पत्र, मग ते कितीही मायेनं मागितलेलं असो, ताईंनी देऊ नये.

क्वार्टर रिकामं करायची घाईही करू नका. मोठ्याची परीक्षा तोंडावर असेल तर शाळेचं पत्र जोडून लेखी मुदत मागा.

सोमवारी जाल तेव्हा एसआरच्या पहिल्या पानावर ताईंचं नाव कसं लिहिलंय ते एका चिठ्ठीवर अक्षर न अक्षर उतरवून घ्या, आधार आणि दाखल्यावरचं नाव त्याखाली लिहा आणि मला इथंच कळवा. प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी करून देतो.